ब्रिटिश कलाकार जेरेमी डेलर: यात कलाकारानं नेमकं काय केलं?

२०१६ ला प्रोजेक्टवर लंडनला होतो तेव्हाची गोष्ट. १ जुलै, ऑफिसची वेळ, वॉटर्लू स्टेशनवर उतरलो तर गर्दीत पहिल्या महायुद्धातल्या युनिफॉर्ममधली पोरं. काही उभी, काही सरळ जमिनीवर बसलेली. मला वाटलं कसलंतरी शूटिंग चाललंय. एकाला विचारलं काय आहे हे, तर तो एक शब्द बोलला नाही, नुसतं डोळ्यात बघितलं आणि खिशातून व्हिजिटिंग कार्डाएवढं एक कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. त्यावर एका सैनिकाचं नाव, त्याची पलटण आणि १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत गेला, बास. बरोबर शंभर वर्षं. मग सगळे मिळून एकच ओळ परत परत गायला लागले, थांबले आणि उठून चालायला लागले. त्या एका दिवसात १९,२४० ब्रिटिश सैनिक मेले होते हे मी नंतर वाचलं. आणि हेही की ही चौदाशेच्या आसपास पोरं देशभर अशीच फिरत होती, सगळे हौशी, आणि कुणीही आधी बाहेर काही फोडलं नाही. आपल्या सोसायटीत साधा बर्थडे सरप्राईज राहत नाही!

यामागचा माणूस म्हणजे जेरेमी डेलर (सोबत नाटकवाला रुफस नॉरिस). २००४ चं टर्नर प्राइज (ब्रिटनमधला कलेचा मोठा पुरस्कार) मिळालेला, पण आर्ट स्कूलमध्ये गेलेलाच नाही, आर्ट हिस्टरी शिकलाय. माझा एक मित्र पेंटर आहे, त्याला कौतुकानं सांगायला गेलो तर म्हणाला अरे पण गायली पोरं, मेले सैनिक, यात ह्याने काय केलं? मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता थोडं येतं म्हणून ही पोस्ट.

त्याचं ऑर्ग्रीव्हचं काम घ्या. १८ जून १९८४, यॉर्कशायरमधल्या ऑर्ग्रीव्हला संपावरचे खाणकामगार आणि पोलीस यांच्यात तुंबळ झाली, घोडेस्वार पोलीस अंगावर घातले. पंच्याण्णव जणांवर केसेस टाकल्या आणि त्या पुढे कोर्टात टिकल्याच नाहीत. २००१ मध्ये डेलरने ती सगळी मारामारी तिथेच परत घडवून आणली. इंग्लंडमध्ये हौशी लोकांचे क्लब असतात, सुट्टीच्या दिवशी चिलखत घालून जुन्या लढाया खेळतात, तसले आठेकशे लोक आणले, आणि त्यांच्यासोबत दोनेकशे खरेखुरे माजी खाणकामगार. त्यातल्या काही कामगारांनी पोलिसांच्या भूमिका पण केल्या, विचार करा, ज्याने लाठी खाल्ली त्याच्याच हातात लाठी! हौशी मंडळी या कामगारांना जाम टरकून होती म्हणे, कारण यांच्यासाठी तो खेळ नव्हताच. आणि सरकारला त्या १९८४ च्या प्रकाराची चौकशी जाहीर करायला २०२५ उजाडलं. कलाकाराने काय केलं तर हे केलं. लोकांचीच गोष्ट, लोकांच्याच अंगानं, त्यांच्याच जागेवर परत उभी करायला निमंत्रण दिलं. निमंत्रण देणं सोपं वाटतं, पण गणपतीला मंडळाची वर्गणी मागत दारोदार फिरलेल्याला विचारा.

पण सगळंच आवडतं असं नाही हां. त्याने आणि अ‍ॅलन केन या कलाकाराने मिळून 'फोक आर्काइव्ह' म्हणजे लोककलेचा संग्रह केला, २००५ ला लंडनच्या बार्बिकन कलाकेंद्रात प्रदर्शन. जत्रेत तोंड वेडंवाकडं करायची स्पर्धा, पेटलेली डांबराची पिंपं खांद्यावर घेऊन पळणारे गावकरी, युनियनचे बॅनर, असलं सगळं. गोळा केलंय प्रेमानं, नो डाऊट, आणि हीसुद्धा कलाच असं ठणकावून सांगितलं हे पण भारी. तरी मला खटकतंच. जो माणूस ते पिंप उचलतो त्याच्या खांद्याची आग फोटोत कशी येणार? तिथे लोक बघायची वस्तू होतात. ऑर्ग्रीव्हला ते मालक होते. हा फरक मला फार मोठा वाटतो, बाकीच्यांनी काय म्हणायचं ते म्हणा.

आणि सगळ्यात लाडकं म्हणजे १९९७ चं 'अ‍ॅसिड ब्रास'. इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचा फेअरी ब्रास बँड म्हणजे पितळी वाद्यांचा बँड, विमानाच्या कारखान्यातल्या कामगारांनी १९३७ ला सुरू केलेला, त्यांच्याकडून डेलरने अ‍ॅसिड हाऊस म्हणजे रेव्ह पार्ट्यांमधलं धडधड म्युझिक वाजवून घेतलं. कारखाने-खाणी बंद पडत गेल्या, मग पोरं मोकळ्या गोडाऊनमध्ये रात्रभर नाचायला लागली, या दोन्ही गोष्टी एकाच धाग्यातल्या आहेत हे त्याने लेख न लिहिता पितळी वाद्यांमधून सांगितलं. कॉम्प्युटरचा बीट ट्युबासारख्या जाडजूड भोंग्यावर ऐकताना आधी हसू येतं आणि मग पाय हलायला लागतो.

आमचे सांगलीचे मामा आयुष्यभर लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. ब्रास बँड हे वाद्यप्रकरण आपल्याकडेही साहेबाच्या पलटणींसोबतच आलं ना. त्यांना मुद्दाम याचा व्हिडिओ पाठवला, काही सांगितलं नाही. दोन दिवसांनी फोन आला. "सुरात हायत पोरं. पण वरात कुठंय, बसून काय वाजवत्यात?"

पेंटर मित्राला मी आता मामांचा नंबर देणार आहे.