‘प्रीपोन’ला हाकलू पाहणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या दाजींनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली माझ्या भाचीला, म्हणजे स्वतःच्याच मुलीला, उद्देशून लिहिलं, “बघ, तू रोज हेच बोलतेस.” फॉरवर्डचा दावा असा: ‘प्रीपोन’ (ठरलेली गोष्ट आधीच्या तारखेला आणणे) हे क्रियापद इंग्रजीत नाहीच. ते भारतीयांनी अडाणीपणे बनवलं, कुठल्याही डिक्शनरीत सापडत नाही, इंग्रज ऐकून हसतात. पुरावा म्हणून ‘पोस्टपोन’ची व्युत्पत्ती आणि कॉम्प्युटर चुकीच्या स्पेलिंगखाली ओढतो ती लाल रेघ. शेवटी सल्ला: ‘मूव्ह फॉरवर्ड’ म्हणा, सुशिक्षित दिसाल. भाचीने तो निमूटपणे पाळला आणि ऑफिसात तोंडघशी पडली. म्हणून हा खटाटोप.

“कुठल्याही डिक्शनरीत नाही.” कुठली उघडली होती? ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत प्रीपोनची स्वतंत्र नोंद आहे. त्यातला जुना दाखला १५४९ चा, रॉबर्ट क्राउली नावाच्या इंग्रजाचा. तिथे अर्थ ‘समोर ठेवणे’ असा. आज आपण वापरतो तो अर्थ १९१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलेल्या एका वाचकाच्या पत्रात सापडतो. हल्ली सगळी घाई झाली आहे, तेव्हा मुख्यतः वकील मंडळींच्या सोयीसाठी ‘पोस्टपोन’ला एक प्रतिस्पर्धी हवा, असं म्हणून त्या गृहस्थाने हा शब्द सुचवला. पत्र न्यूयॉर्कच्या पेपरातलं आहे, तेव्हा “फक्त भारतीयांची चूक” हेही इथेच निकालात निघतं. शशी थरूरसुद्धा कित्येक वर्षं समजत होते की १९७२ मध्ये सेंट स्टीफन्स कॉलेजात हा शब्द आपणच घडवला. त्यांची जर गफलत होते, तर फॉरवर्ड लिहिणाऱ्याला एक वेळ माफ करू.

पण व्युत्पत्तीला माफी नाही. फॉरवर्ड म्हणतो, ‘पोस्टपोन’मधला ‘पोस्ट’ म्हणजे टपाल. पूर्वी टपाल उशिरा यायचं, म्हणून उशीर करणे म्हणजे पोस्टपोन. ‘प्री’ नावाचं टपाल नसतं, म्हणून प्रीपोन चूक! मग पोस्टमॉर्टेम म्हणजे काय, मेलेल्या माणसाला आलेलं पत्र? लॅटिनमध्ये ‘पोस्ट’ म्हणजे नंतर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. नंतर ठेवणे ते पोस्टपोन. ‘प्राए’ म्हणजे आधी किंवा पुढे. त्याला तेच ‘पोनेरे’ जोडून ‘प्राएपोनेरे’ हे क्रियापद खुद्द रोमन लोक वापरत. शाळेत घोकलेलं ‘प्रिपोझिशन’ त्याच्याच पोटचं: नामाच्या आधी ठेवलेला शब्द. म्हणजे ज्या घराण्यातून प्रिपोझिशन आलं, त्याच घराण्यातला प्रीपोन आहे. गंमत अशी की टपालाच्या ‘पोस्ट’चंही या शब्दाशी नातं आहे, फक्त ते उलट्या टोकाला. तो पोस्ट इटालियन ‘पोस्ता’वरून, म्हणजे शेवटी ‘पोनेरे’वरूनच आला. वाटेत ठेवलेली घोड्यांची ठाणी, त्यांवरून जाणारं टपाल. त्यामुळे पोस्टपोनमध्ये टपालाचा भाऊबंद शोधायचाच असेल तर तो ‘पोन’ आहे, ‘पोस्ट’ नव्हे.

लाल रेघेचं थोडक्यात. ती माझ्या आडनावाखालीही येते.

आता तो सल्ला, ज्याने खरं नुकसान केलं. भाचीच्या ऑफिसात गुरुवारचं ट्रेनिंग बुधवारी घ्यायचं ठरलं. एरवी ती ‘प्रीपोन्ड’ लिहून मोकळी झाली असती. बाबांनी ग्रुपवर काढलेली अब्रू आठवून तिने लिहिलं, ट्रेनिंग एक दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झालं आहे. सहा जणांपैकी बुधवारी आले दोघे. बाकीचे चौघे शुक्रवार धरून बसले, आणि त्यांचं काय चुकलं? मराठीत ‘पुढे ढकलणे’ म्हणजे पोस्टपोन. लवकर घ्यायची असेल तर तारीख आपण ‘अलीकडे’ आणतो, पुढे नेत नाही. मराठी डोक्याने ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ वाचलं की माणूस हमखास उलट्या दिवशी पोचणार. दाजींची तर हयात बँकेत गेली. त्यांच्या खतावणीत ‘ब्रॉट फॉरवर्ड’ म्हणजे मागच्या पानावरची बाकी पुढच्या पानावर ओढणे.

बरं, हा घोळ आपल्यापुरता नाही. लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रॅमस्कार या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये एक शोधनिबंध छापला. त्यात इंग्रजी बोलणाऱ्यांना विचारलं होतं: बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह्ड फॉरवर्ड’ झाली, आता ती कधी? काहींनी सोमवार सांगितला, काहींनी शुक्रवार. विमानतळावर विचारलं तेव्हा नुकतेच विमानातून उतरलेले लोक शुक्रवारकडे जास्त झुकले. स्वतः पुढे सरकत आलेला माणूस मीटिंगही पुढेच सरकवतो. ज्यांची ही मायबोली, त्यांचं या दोन शब्दांवर एकमत नाही, आणि आपण ते सुशिक्षितपणाची खूण म्हणून मिरवायचे. ‘प्रीपोन’चा अर्थ मात्र ज्याला तो कळतो, त्याला एकच कळतो.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. डिक्शनऱ्या या शब्दापुढे ‘भारतीय इंग्रजी’ असा शिक्का मारतात, आणि लंडन-न्यूयॉर्कमध्ये तो ऐकून समोरचा क्षणभर गोंधळू शकतो. तिकडच्या माणसाला लिहायचं असेल तर ‘ब्रिंग फॉरवर्ड’ वापरा आणि सोबत वार-तारीख घाला. आपल्याकडे प्रीपोन खुशाल वापरा, फक्त नीट: गुरुवारवरून बुधवारवर आणलं तर ‘प्रीपोन्ड टू वेन्सडे’. त्याला ‘अर्लियर’चं शेपूट लावू नका, लवकर हा अर्थ त्याच्या पोटातच आहे.

भाचीचं राहिलेल्या चौघांसाठीचं ट्रेनिंग आता सोमवारी आहे. या खेपेच्या मेलमध्ये तिने वार, तारीख आणि वेळ एवढंच लिहिलं आहे. क्रियापदाच्या भानगडीत ती पडलेली नाही.