एकच नवरा, काही त्रास नाही, मग तपासणी कशाला?

आमच्या भिशीच्या ग्रुपवर महिनाभर एक मेसेज फिरतोय: ‘गर्भाशयमुखाचा कॅन्सर घरंदाज बाईला होत नाही. त्रास नसताना तपासायला गेलात तर पिशवीचं तोंड खरवडतात, त्यानेच कॅन्सर पसरतो. मग पिशवीच काढायला लावतात. लस घेतली असेल तर तपासणी नकोच.’ खाली हात जोडलेले.

आधी घरंदाजपणा. हा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो आणि विषाणू येतो शरीरसंबंधातून. तुमचा नवरा एकच असेल हो, पण त्याच्याकडून तो येऊ शकतोच, अगदी लग्नाआधीचाही. बहुतेकींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात ठाण मांडतो, त्यांचा प्रश्न.

‘त्रास नसताना’ हा शब्द सगळ्यात घातकी. पेशी बिघडायला लागल्यापासून कॅन्सर होईपर्यंत दहा-पंधरा वर्षंही जातात, आणि त्या काळात काहीही दुखत नाही. अंगावरून जायला लागतं तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. हे कुठल्या परदेशातलं नाही. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचं धाराशिव) सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणीची संधी दिली, त्यातल्या ३४ हजार बायकांपैकी आठ वर्षांत ३४ जणी या कॅन्सरने गेल्या. तपासणी न दिलेल्या ३१ हजारांत ६४.

आता खरवडणं. मी करून घेतलीय. टेबलावर तसं झोपणं अवघड वाटतं, खोटं कशाला बोलू. आतलं दिसावं म्हणून घालतात तो चिमटा आत सरकतो तेव्हा गार लागतं. मग व्हिनेगरसारख्या पातळ अॅसिडचा बोळा लावतात, मिनिटभर थांबतात, पांढरा डाग उमटतो का बघतात. पॅप ही दुसरी तपासणी, तिच्यात पेशी घ्यायला मऊ ब्रश वरवर फिरवतात. त्याने कॅन्सर पसरत नाही.

पिशवी काढण्याची भीती मात्र हवेतली नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या भराभर काढल्या गेल्या, त्याची २०१९ साली सरकारला चौकशी करावी लागली. पण तपासणीचा कागद हातात असेल, तर ‘पांढरं जातंय, कॅन्सर होईल’ म्हणून घाबरवणंच अवघड जातं. कॅन्सरआधीचा डाग सापडला तर बहुतेक वेळा तेवढाच भाजतात किंवा गोठवतात. पिशवी जागेवर राहते, बाई त्याच दिवशी घरी येते.

लसीचं थोडक्यात. पुण्यात बनणारी सर्व्हाव्हॅक एचपीव्हीच्या १६ आणि १८ या प्रकारांना अडवते. दहातले सात कॅन्सर त्यांचे. उरलेल्या तिनांसाठी तपासणी.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. मेसेज पाठवणाऱ्या वहिनींचा रात्री वेगळा फोन आला: “बाईच तपासते ना गं?” म्हटलं, मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा कॅन्सर हॉस्पिटलने असंच काम केलं, तेव्हा दहावी झालेल्या बायकांनाच तपासायला शिकवलं होतं. “आणि पाळी गेलीय माझी, तरी?” तीस ते पासष्ट, वहिनी. तुम्ही बावन्नच्या.