‘काम प्रगतिपथावर आहे’ : एजंटाकडून वदवून घेण्याची पद्धत

२०२७चा सिंहस्थ तोंडावर असताना नाशिककरांना ‘काम प्रगतिपथावर आहे’ या पाटीचा अर्थ समजावून सांगायला नको. हेच वाक्य सॉफ्टवेअर लिहिणारे एआय एजंटही (आरटीओबाहेरचे नव्हेत) तितक्याच निर्विकारपणे म्हणू शकतात. त्यासाठी त्यांना एक प्रगती कळवायचं टूल द्यायचं आणि त्या टूलचं डॉक्युमेंटेशन नीट बिघडवून ठेवायचं. कॉलेज रोडवर ऑफिस असो की अंबडला, पद्धत एकच.

डॉक्युमेंट माणसांसाठी आहे असं धरून चाला. एमसीपीमध्ये (मॉडेलला बाहेरची टूल्स जोडायच्या प्रोटोकॉलमध्ये) टूलचं नाव, वर्णन आणि इनपुट स्कीमा, म्हणजे कोणते रकाने भरायचे याचा आराखडा, थेट मॉडेलच्या हाती पडतात आणि टूल कधी, कसं वापरायचं हे ते त्यावरूनच ठरवतं, पण तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका. वर्णनात ‘प्रगती कळवण्यासाठी’ एवढंच लिहा. बाकीचा खुलासा ऑफिसच्या विकीवर टाका, तिथे एजंट फिरकत नाही. कधी कळवायचं आणि कधी गप्प बसायचं, हे तर मुळीच लिहू नका. मग एक एजंट प्रत्येक फाईलमागे निरोप धाडेल आणि दुसरा थेट शेवटी उगवेल. प्रत्येक निरोप आणि त्याचं उत्तर कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे मॉडेलसमोरच्या मजकुरात, साचत जातं. असे चाळीसेक निरोप साचले की मूळ काम काय होतं, हे शोधायला एजंटालाच उत्खनन करावं लागतं.

आता मुख्य मुद्दा, टक्केवारी. ‘पर्सेंट’ नावाचा रकाना ठेवा, ० ते १००, आणि तो सक्तीचा करा. सुरुवातीला एकूण काम किती आहे हे एजंटाला ठाऊक नसतं, त्यामुळे तो ऐकायला बरा वाटेल असा आकडा भरतो, आणि साहेबांना नेमका तोच हवा असतो. समजा, एका कारखान्याचं जुनं बिलिंग नव्या डेटाबेसवर न्यायचंय. टेबलं २३. त्यातली २० सरळसोट आहेत. उरलेल्या तिनांत १ जुलै २०१७च्या आधीची व्हॅटची बिलं आणि नंतरची जीएसटीची बिलं एकाच रकान्यात कोंबलेली, तारखाही दोन तऱ्हांच्या. २० टेबलं झाली की एजंट ८७ टक्के सांगतो. हिशेब चोख आहे, फक्त खरं काम अजून सुरूच झालेलं नाही. त्यातून वाटेत आणखी ९ टेबलं सापडली, तर आकडा ६२वर आणावा लागेल. उलटं चालणारं काम कोणाला दाखवणार? एजंट मग ८७वरच मुक्काम ठोकतो.

हे टाळायचं असतं तर टक्के न मागता ‘झालेली’, ‘एकूण’ आणि ‘एकक’ असे रकाने मागितले असते, आणि एकूण आकडा वाढू शकतो असं वर्णनात लिहिलं असतं. एमसीपीच्या प्रगती-सूचनेतही ‘प्रोग्रेस’चा आकडा दर वेळी वाढलाच पाहिजे, पण ‘टोटल’ ऐच्छिक आहे, ते उगाच नाही. सोबत पुरावा मागता आला असता : जुन्या आणि नव्या टेबलातल्या ओळींची संख्या, चाचणीची कमांड, तिचा एक्झिट कोड (ती पास झाली की नापास, हे सांगणारा आकडा). पण पुरावा मागितला की ‘झालं’ म्हणणं अवघड होतं. तो रकाना ठेवायचाच असेल तर ऐच्छिक ठेवा. ऐच्छिक रकाना कोण भरतो?

स्थितीसाठी ठरावीक पर्याय देऊ नका, मोकळी स्ट्रिंग सोडा, ज्याला जे सुचेल ते लिहू दे. आठवडाभरात ‘डन’, ‘कम्प्लिटेड’, ‘ऑलमोस्ट डन’ आणि ‘डन, किरकोळ त्रुटी वगळता’ असे चार वाण तयार होतात आणि डॅशबोर्डवाला कपाळाला हात लावतो. ‘अडलंय, माणूस हवा’ ही स्थिती तर ठेवूच नका. एजंटांनी एकमेकांशी बोलायच्या एटूए प्रोटोकॉलमध्ये ‘इनपुट-रिक्वायर्ड’ ही स्थिती वेगळी ठेवलीय, ठेवू द्या त्यांना. तुमच्याकडे डेटाबेसचा पासवर्ड नसलेला एजंट ‘काम सुरू’ लिहील, खोटा डेटा तयार करून त्यावर चाचण्या पास करून घेईल आणि ‘पूर्ण’ म्हणून मोकळा होईल. त्याने तुमच्या स्कीमाची आज्ञा पाळली इतकंच.

टूलचा सर्व्हर एसटीडीआयओवर (प्रोग्रॅमच्या नेहमीच्या इनपुट-आउटपुटवर) चालत असेल तर एसटीडीआउट या आउटपुटच्या वाटेवर प्रोटोकॉलचे संदेश सोडून काहीही जाता कामा नये, लॉग एसटीडीईआरआर या त्रुटींच्या वाटेवर पाठवायचे, ही ओळ गाळा. मग कोणीतरी हौसेने रंगीत प्रोग्रेस बार प्रिंट करेल, समोरचा क्लायंट (गिऱ्हाईक नव्हे, टूलशी बोलणारा प्रोग्रॅम) जेसन या साच्यातले संदेश वाचताना अडखळेल, आणि प्रगती दाखवायच्या नादात कनेक्शनच तुटेल. प्रगती-सूचना आली की क्लायंट टाइमआउटचं घड्याळ पुन्हा शून्यावर आणू शकतो, पण वरची कमाल मर्यादा पाळावी असं स्पेसिफिकेशन सांगतं. ही मर्यादाही लिहू नका. अडकलेला एजंट मग ‘करतोय, करतोय’ म्हणत रात्रभर जिवंत राहील. बिल महिनाअखेरीला येतंच.

निरोपाला वेगळा ओळखक्रमांकही नको. नेट गेलं की एजंट तोच निरोप पुन्हा पाठवतो, आणि २३ टेबलांपैकी २४ पूर्ण होतात. वेळ लिहिताना भारतीय वेळेचं +०५:३० जोडू नका. एकाने सर्व्हरची यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ पाठवली की सकाळी नऊचा निरोप साडेतीनचा दिसतो. एजंट पहाटे राबतो म्हणून त्याचं कौतुक होतं.

उदाहरण एकच द्या, तेही सगळं सुरळीत पार पडल्याचं. मॉडेल उदाहरणाची हुबेहूब नक्कल करतं. त्यात ‘लॉगिन मॉड्यूल ४५ टक्के’ असं असेल, तर पिंपळगावच्या द्राक्ष निर्यातदाराच्या कामातही लॉगिन मॉड्यूल उगवेल, ४५ टक्क्यांवर. काम फसलं तर काय लिहायचं याचा नमुना कुठेही दिसू देऊ नका.

काही अतिउत्साही मंडळी हे डॉक्युमेंट नव्या, कोऱ्या एजंटाला देऊन पाहतात. एक टेबल मुद्दाम लॉक करून ठेवतात आणि तो ‘अडलंय’ म्हणतो की ‘पूर्ण’, ते बघतात. अर्ध्या तासाचं काम आहे, म्हणूनच टाळा. तो ‘पूर्ण’ म्हणाला तर वर्णन नव्याने लिहावं लागेल, आणि ते तर तुम्ही कालच साहेबांकडून मंजूर करून घेतलंय.