‘डुप्लिकेट कूलंट दिलं’ म्हणणाऱ्या साहेबांना उत्तर

नमस्कार साहेब. रिव्ह्यू वाचला. बाकीच्या गिऱ्हाइकांना विषय कळावा म्हणून तुमची तक्रार आधी थोडक्यात सांगतो. आमच्या दुकानातून कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) नेलं, व्हिडिओ बघून पार्किंगमध्ये स्वतः बदललं. दोन दिवसांनी पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटाच्या चढाला इंजिनाच्या तापमानाचा काटा लालवर गेला. कुणीतरी सांगितलं म्हणून हीटर लावला, तर गार वारा आला. तशीच गाडी दामटून घर गाठलं. गॅरेजवाला म्हणाला, कूलंट बोगस आहे. आम्ही फोनवर ‘गाडी घेऊन या’ म्हणालो ती तुम्हाला टाळाटाळ वाटली. एक स्टार.

टाळाटाळ नव्हती, गाडी बघितल्याशिवाय कसं सांगणार? पण माल डुप्लिकेट होता हे मी मान्य करणार नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच रिव्ह्यूत आहे: हीटरचा गार वारा.

हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर (गरम कूलंट वाऱ्याने गार करणारी जाळी). इंजिनातलं गरम कूलंटच त्यातून फिरतं. इंजिन तापलंय आणि वारा गार येतोय, म्हणजे तिथपर्यंत कूलंट पोचतच नाही. मी कॅनमध्ये नुसतं रंगीत पाणी भरून विकलं असतं, तरी हीटरने गरम वाराच फेकला असता! उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी कूलंटपेक्षा सरसच असतं, आणि रेडिएटरचं धड झाकण 1 बारच्या आसपास दाब धरतं तेव्हा ते पाणीही 120 अंशांजवळ उकळतं. बोगस कूलंटने इंजिनाचं वाटोळं होतं हे खरंच आहे, पण ते गंजाने, क्षारांनी, वॉटर पंपाचं सील जाऊन. त्याला महिने लागतात. बदलल्यावर दोन दिवसांत गाडी हीट झाली आणि हीटर गार, तर पहिला संशय एकच: एअर पकडली, म्हणजे भरताना आत हवा अडकली आणि कूलंटची वाट अडली.

तुम्ही पुरावा म्हणून जो फोटो टाकलाय त्यात बाजूची बाटली फुल खुणेपर्यंत भरलेली आहे. साहेब, तुमच्या गाडीत रेडिएटरवर वेगळं झाकण आहे. ती बाटली म्हणजे नुसतं ओव्हरफ्लोचं भांडं. तापल्यावर जास्तीचं कूलंट झाकणातून बाटलीत येतं, गार झालं की परत आत ओढलं जातं. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं खुशाल होऊ शकतं. (काही युरोपियन गाड्यांत बाटलीच दाब धरते आणि तिच्यातूनच भरायचं असतं. तुम्ही पाहिलेला व्हिडिओ तसल्या गाडीचा असावा असं मला वाटतं.)

एअर काढायची पद्धत लिहितो, कारण घरी करणारे बरेच जण इथेच घाई करतात. गाडी पूर्ण गार हवी. पुढची चाकं चढावर घ्या, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येईल. झाकण काढा, फनेल लावा, काठोकाठ भरा. हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन आयडलला चालू करा. वरचा होज पाइप तापायच्या आधी हाताने दाबत राहा, बुडबुडे निघतील, पातळी पडेल, तेवढं भरत जा. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) बहुतेक गाड्यांत 82 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडतो, आणि तो उघडला की पातळी अचानक खाली जाते. त्याआधीच झाकण लावून मोकळं झालात, तर हवा आत तशीच. फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. हीटरमधून कडक गरम वारा यायला हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर झाकण उघडून पुन्हा पातळी बघा.

‘पाच लिटर गळ्यात मारलं, तीनच मावलं’ असंही लिहिलंय. मॅन्युअलमधला आकडा पूर्ण सिस्टिमचा असतो. खालचा होज काढला की रेडिएटर रिकामा होतो, पण इंजिनाचा ब्लॉक आणि हीटरमधलं जुनं कूलंट आतच राहतं. उरलेलं एअर काढताना आणि पुढच्या टॉप-अपला लागतं, नाहीतर लोक रंग बघून दुसरंच काहीतरी ओततात. रंगावर जाऊ नका, तो कंपनीच्या मर्जीचा असतो. हिरवं-हिरवं मिळालं म्हणजे आतली केमिस्ट्री जुळली असं नाही. आणि कधी पाण्याने धुवून बदलणार असाल तर बोअरचं नको, बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. धुतल्यावर आत पाणी राहतंच, म्हणून तेव्हा रेडी-टू-यूज (आधीच पाणी मिसळलेलं) न घेता कॉन्सन्ट्रेट (बिनपाण्याचं) घ्यायचं.

मला खरी काळजी आहे ती काटा लालवर असताना गाडी दामटल्याची. तिथेच बाजूला घेऊन बंद करायला हवी होती. आता एअर काढूनही बुडबुडे थांबत नसतील, कुठेही गळती न दिसता कूलंट कमी होत असेल, ऑइल दुधाळ दिसत असेल किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं पॅकिंग) तपासा. वरचा होज चटका देतोय आणि खालचा गारच, तर थर्मोस्टॅट अडकलाय. ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला बरी चालते, तर फॅन बघा. सकाळी होज चेपलेला दिसला, तर झाकण बदला, ते स्वस्तात येतं.

बाजारात डुप्लिकेट माल नाही असं मी म्हणत नाही, भरपूर आहे. म्हणून उरलेल्या दोन लिटरची परीक्षा घरीच करा. थोडं कूलंट टाकाऊ बाटलीत घालून, झाकण घट्ट लावून, पिशवीत बांधून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. घरच्या फ्रीझरला साधारण उणे 18 अंश असतात, निम्मं पाणी आणि निम्मं एथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य केमिकल) असलेलं कूलंट उणे 37 च्या आसपास गोठतं. दगडासारखा बर्फ झाला तर माझं चुकलं. बाटली नंतर फेकून द्या, एथिलीन ग्लायकॉल विष आहे. चवीला गोड असल्याने कुत्री ते चाटतात आणि मरतात, त्यामुळे काढलेलं जुनं कूलंट गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून आमच्याकडे आणून द्या.

फ्रीझरवर भरवसा नसेल तर उरलेला कॅन दुकानात आणा, तुमच्यासमोर रिफ्रॅक्टोमीटरवर (ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणारं यंत्र) थेंब टाकतो. प्रमाण कमी निघालं तर पाचही लिटरचे पैसे परत, आणि सिस्टिम धुवायचा खर्च माझा. बरोबर निघालं तर शेजारच्या मेकॅनिककडून एअर काढून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. मग रिव्ह्यू ठेवायचा की बदलायचा ते तुम्ही बघा.

येताना काट्यावर लक्ष ठेवा, वर सरकला तर तिथेच थांबून फोन करा, मेकॅनिकला तिकडे पाठवतो. आणि आल्यावर तासभर वेळ काढा, गरम इंजिनाचं झाकण आम्ही कुणासाठीच उघडत नाही.