क्लॉनटार्फची भाऊबंदकी

आयर्लंडचा हजार वर्षांपूर्वीचा राजा ब्रायन बोरू, त्याचा किल्ला पाहायला मुद्दाम किलालूला गेलो होतो, डब्लिनहून दोनेक तासांवर. राजगड-रायगड चढलेला माणूस मी; बुरूज, दरवाजा, गेलाबाजार पाण्याचं एखादं टाकं तरी असेल असं मनात धरलेलं. निघाला शॅनन नदीकाठच्या झाडीत लपलेला मातीचा एक गोल बांध. आत ओलं गवत. सोबतचा क्लेअर परगण्यातला सहकारी म्हणाला, "हाच. आमच्यापैकीही निम्मे लोक इथे येऊन निराश होतात."

त्याच आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रण माजलं होतं. सुरुवात नेहमीची, शिवजयंती १९ फेब्रुवारीला की तिथीने. त्यात भाच्याने लिहिलं की अफझलखानाच्या बाजूला खंडोजी खोपड्यांसारखे आपले देशमुखही होते. पुस्तकात आहे तेच लिहिलं पोराने. पण काकांनी "कुणी शिकवलं तुला हे?" असं विचारून ग्रुपच सोडला.

बोरूची शाळेतली गोष्ट अशी: १०१४ सालचा गुड फ्रायडे, २३ एप्रिल. डब्लिनजवळ क्लॉनटार्फला व्हायकिंगांशी, म्हणजे उत्तरेकडून आलेल्या दर्यावर्दी लोकांशी लढाई. सत्तरी ओलांडलेला राजा तंबूत प्रार्थनेला बसलेला. आयरिश जिंकतात, पण पळता पळता ब्रोदर नावाचा व्हायकिंग म्हाताऱ्याला गाठून मारतो. राजा गेला, देश सुटला.

आता नातीगोती पाहा. बंड मुळात लेन्स्टर प्रांताच्या आयरिश राजाचं, मेल मोर्डाचं. त्याची बहीण गॉर्मला ही बोरूची एके काळची बायको, म्हणजे हा मेहुणा. डब्लिनचा व्हायकिंग राजा सिट्रिक हा त्याच गॉर्मलाचा आधीच्या नवऱ्यापासूनचा मुलगा. ९९९ साली ग्लेनमामाच्या लढाईत बोरूने या मामा-भाच्यांना हरवलं, डब्लिन लुटलं, मग शरण आलेल्या सिट्रिकला त्याचं शहर परत दिलं आणि वर आपली मुलगीही दिली. सावत्र मुलगा तोच, जावईही तोच. दारात मांडव घालायचा आणि पुढच्या पिढीत त्याच दारावर चालून जायचं, हे आपल्याकडच्या देशमुखी वतनांच्या भांडणांत मुरलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

परक्यांविरुद्धच्या धर्मयुद्धाचा रंग पुढे चढला. बोरूच्या पणतूच्या राज्यात, बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, घराण्याची थोरवी गाणारा एक ग्रंथ रचला गेला. आपल्या उत्तरकालीन बखरींचाच हा भाऊ. तिखटमीठ तेवढंच, आणि वाचायला मजाही तेवढीच.

बोरू लहान माणूस होता असं मात्र मुळीच नाही. मन्स्टर प्रांतातल्या एका दुय्यम घराण्यातला हा मुलगा. ९७६ मध्ये थोरल्या भावाचा खून झाल्यावर गादीवर आला आणि १००२ पर्यंत त्याने उत्तरेच्या ई नेल घराण्याचा शतकानुशतकांचा वरचष्मा मोडला. व्हायकिंगांचीच जहाजं वापरली. १००५ मध्ये आर्माच्या धर्मपीठात वेदीवर २० औंस सोनं ठेवलं, आणि तिथल्या पोथीत त्याच्यासाठी लॅटिनमध्ये 'आयरिशांचा सम्राट' असं लिहिलं गेलं. रक्ताने हक्क सांगता येत नसेल तर धर्मपीठाची मोहोर लागते. मला गागाभट्ट आठवले.

आणि सिट्रिक? तो लढाईतून वाचला, १०३६ पर्यंत डब्लिनवर राज्य करत राहिला. शहराच्या मधोमध उभं असलेलं ख्राइस्ट चर्च मुळात त्याच्याच काळातलं. माझी बस रोज तिथून जाते.

हे सगळं इथले लोक पबमध्ये हसत हसत सांगतात. कुणी उठून जात नाही. पहिली काही वर्षं मी यावरून घरच्यांना भाषणं देत असे: बघा, इतिहासाकडे कसं पाहतात ते. आता देत नाही, कारण माझी तुलनाच लबाड होती. बोरूला हजार वर्षं झाली, त्याच्या नावावर आज मत मिळत नाही. महाराजांच्या नावावर मिळतं. तुलना करायचीच तर १९२२ च्या यादवीशी करावी. इंग्लंडशी झालेला तह मानणारे आणि न मानणारे एकमेकांवर उठले, त्यातून निघालेले दोन पक्ष एका सरकारात बसायला २०२० साल उजाडलं.

किलालूहून परतताना मी त्या सहकाऱ्याला सहज विचारलं, "यादवीत तुमच्या घरचे कुठल्या बाजूला होते?" एवढा वेळ बोरूच्या बायकांचे किस्से रंगवणारा माणूस. त्याने वायपर लावले. पाऊस नव्हता. "आजीकडे यावर बोलत नसत," म्हणाला, आणि रेडिओ सुरू केला.

घरी आल्यावर त्या मातीच्या बांधाचा फोटो काकांना वेगळा पाठवला, खाली लिहिलं, यांच्या सगळ्यात मोठ्या राजाचा किल्ला. मिनिटात उत्तर आलं: "अरे, दरवाजा कुठाय?"