आयर्विन पुलाची पातळी : फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी टेकल्याशिवाय गावात येत नाही, लहानपणापासून पाहतोय, तोवर घर सोडू नका’ असा मेसेज फिरतो आहे. हे चुकीचं आहे आणि धोक्याचंही.

कृष्णेवरचा १९२९ चा हा पूल नदीपात्रापेक्षा बराच उंच आहे. पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर अशा सखल वस्त्यांत इशारा पातळीच्या सुमारासच पाणी शिरतं. पूल तेव्हा चांगला कोरडा असतो.

४० फूट म्हणजे दारात ४० फूट पाणीही नव्हे. तो आकडा मोजपट्टीच्या शून्यापासूनचा. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पट्टी वेगळी (इशारा ३९, धोका ४३), म्हणून दोन्हींची तुलना करू नये.

कोयना धरणातून सोडलेलं पाणी (विसर्ग) कमी झालं म्हणून निर्धास्त होऊ नका. पुलाच्या खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. वारणा फुगलेली असली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं, आणि सांगलीत पातळी उतरायला वेळ लागतो.

२०१९ ला पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. त्या पुरात तुमच्या उंबऱ्याला पाणी लागलं तेव्हा पुलावरचा आकडा किती होता, ते घरातल्या थोरांना विचारून भिंतीवर लिहून ठेवा. त्या आकड्याच्या तीन-चार फूट आधीच जनावरं, गॅस सिलिंडर, कागदपत्रं हलवायची. रात्री पाणी चढत असेल तर त्याहूनही आधी.