हिरव्या खांद्याचा टोमॅटो कच्चा नसतो हो!

आज म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात डोकंच फिरलं. एक मावशी गावठी टोमॅटो घेऊन बसलेली, छोटे, चुण्या पडलेले, देठाकडे हिरवट, आणि एक बाई ते बोटाने उलटेपालटे करत म्हणते, "हे कच्चेच आहेत की, तिकडे बेळगावचे लालभडक याच्या अर्ध्या भावात मिळतात." मावशी एवढंच बोलली, "गावठी गो बाये ते." बाई निघून गेली. इतका राग आला ना!

अहो, त्या हिरव्या खांद्यात हरितद्रव्य जास्त असतं, तिथे फळ स्वतः साखर बनवतं. टोमॅटो सगळीकडून एकसारखा लाल पिकावा म्हणून ज्या जाती वर्षानुवर्षं निवडल्या गेल्या, त्यांच्यात नेमकं हेच काम करणारं जनुक मोडलेलं आहे. 2012 साली 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत छापून आलंय हे. रूप मिळवलं आणि चव घालवली.

आमची आजी सत्तरी तालुक्यातली. रोज सकाळी चुलीतली राख चाळून टोमॅटोच्या बुंध्याशी घालायची, हात कोपरापर्यंत पांढरे व्हायचे तिचे. राख म्हणजे पोटॅश, आणि टोमॅटोतलं मुख्य खनिज कुठलं तर पोटॅशियम, 100 ग्रॅमला साधारण 240 मिलिग्रॅम. आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं. राख घातली नाही तर फळ पाणचट होतं, एवढं तिला ठाऊक होतं.

आणि पाणचटच तर झालंय सगळं. टोमॅटोत मुळात 94-95 टक्के पाणी. त्यात खत-पाणी मारून फळ फुगवायचं, उत्पन्न दुप्पट करायचं, मग खनिजं तेवढ्या प्रमाणात कुठून वाढणार? अमेरिकेत 1950 आणि 1999 चे आकडे ताडून पाहिले तेव्हा 43 भाज्या-फळांमध्ये मिळून कॅल्शियम, लोह, फॉस्फरस, क जीवनसत्त्व कमी झालेलं दिसलं. घाट उतरून येणारा टोमॅटो तर कडक असतानाच तोडतात, ट्रकमध्ये चेपायला नको म्हणून. आपण ट्रकसाठी बनवलेला टोमॅटो खातोय!

हो, मान्य, गावठी म्हटलं की आपोआप पौष्टिक असं नाही, मातीवरही असतं, आणि बेळगावची भाजी आली नाही तर पावसाळ्यात गोव्याची चूल पेटायची नाही. ठीक. पण म्हणून मावशीला कमी लेखायचं?

आजी सार करायची ते खोबऱ्याच्या रसातलं. शिजवून, स्निग्ध पदार्थासोबत खाल्लं की लायकोपीन, म्हणजे टोमॅटोतलं लाल रंगद्रव्य, अंगी लागतं असं आता डाएटवाले सांगतात, आमच्याकडे रोजच्या जेवणात होतं ते. टोमॅटो चिरला की बियांभोवतीचा तो आंबट गर पाटावरून ओघळायचा, आम्ही बोटाने चाटायचो आणि आजी ओरडायची. आज ती असती तर त्या मावशीशेजारी बसून गप्पा मारल्या असत्या तिने.

मी सगळा वाटा घेतला, भाव न करता. आगशीच्या वांग्याला, खोल्याच्या मिरचीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, छानच झालं, पण या टोमॅटोला साधं नावही नाही, आणि आजीचं बी तर आमच्याच घरात कुणी राखलं नाही.

सत्तरी, डिचोली, पेडणे, काणकोण, कुणाच्याही परसात जुनं बी असेल तर कमेंटमध्ये गाव लिहा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.